लेकीच्या सासरचं पाणी

नुकत्याच खुडलेल्या केशराला आपल्या ओळखीचा तो वास नसतो. आपल्याला ठाऊक असतं ते डबीतलं केशर, सणासुदीला कोमट दुधात खलायचं आणि मग घरभर दरवळणारं. इथे मात्र माझ्यासमोरच्या लांब लाकडी टेबलावर जांभळ्या फुलांची रास पडली होती, आणि त्या राशीतून येत होता ओल्या मातीचा, हिरव्या देठांचा आणि अगदी पुसटसा मधाचा गंध. ऑक्टोबरची सकाळ, डोंगरमाथ्यावरचं दगडी घर, खिडकीतून तिरकं आत येणारं ऊन, आणि त्या उन्हात एकेका फुलाच्या पोटातून तांबड्या तारा हलक्या हाताने सोडवणारी एक म्हातारी. तिने माझ्याकडे पाहिलं, बाक जरासा सरकवला आणि मूठभर फुलं माझ्या पुढ्यात ठेवली. ना तिला माझी भाषा येत होती, ना मला तिची. मी पदर खोचून बसले आणि कामाला लागले.

ही म्हातारी म्हणजे माझ्या जावयाची आजी, कॉन्चेत्ता. सारा गाव तिला नोन्ना म्हणतो, म्हणजे आजीच, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो. रोमहून पूर्वेला निघालं की दोन-अडीच तासांत उंच डोंगर सुरू होतात आणि त्यातल्या एकाच्या शेंड्यावर तिचं गाव आहे. सगळ्यांत वर पडका किल्ला, त्याच्या खाली एकमेकांना टेकून उभी असलेली घरं, आणि पायथ्याच्या पठारावर केशराची नि हरभऱ्याची शेतं. तरुण माणसं पोटापाण्यासाठी कधीच बाहेर पडलेली, कुणी रोमला, कुणी जर्मनीला, बरीचशी आमच्या डेट्रॉइटकडे. नोन्नाचा एकुलता एक मुलगाही असाच मिशिगनला आला, तिथे त्याने संसार मांडला, आणि त्याचा मुलगा, म्हणजे आमचा जावई पॉल, कॉलेजात असताना तो आणि त्याची बायको दोघंही एका अपघातात गेली. तेव्हापासून पॉलला आपलं म्हणावं असं घर एकच उरलं. त्या पॉलशी आमच्या मंजिरीने लग्न केलं, तेव्हा आमच्या लेकीचं सासर कुठलं म्हणाल, तर हे शिखरावरचं घर.

ऐंशीच्या दशकातली ती वर्षं. आम्ही डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला स्थिरावलो होतो. श्रीकांत, म्हणजे माझा नवरा, मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर, आणि सांगलीहून कडेवर आणलेली मंजिरी आता आमच्यापेक्षा उंच झालेली. जूनमध्ये लग्न झालं ते तिथल्याच एका शाळेच्या हॉलमध्ये, अंतरपाट आणि अक्षतांसकट. विमानाच्या भीतीने नोन्ना आली नाही. पण फोनवर तिने पॉलला एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली, की मुलीच्या माणसांना माझ्याकडे घेऊन ये, मला त्यांना माझ्या हातचं जेवू घालायचं आहे. श्रीकांत हरखला. मंजिरी तर त्या दिवसापासून हवेतच होती. आणि मी मनाशी पक्कं ठरवलं होतं, की त्या घरी जाईन, बसेन, हवं ते काम करीन, पण तिथलं पाणीसुद्धा तोंडात घेणार नाही.

तुम्ही हसाल. मंजिरीही हसली होती. पण जुन्या घरांतल्या बायकांना मी काय म्हणते ते लगेच समजेल. लेकीला मूल होईपर्यंत आईवडिलांनी तिच्या सासरी अन्नपाणी घ्यायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, वाईहून सांगलीला मला भेटायला येत ते हातात पाण्याचा तांब्या घेऊन. एसटीतून उतरून भर उन्हातून चालत येत, ओसरीवर टेकत, माझ्या सासूबाई आतून चहा पाठवीत तेव्हा हात जोडून हसत, आणि आपल्याच तांब्यातलं पाणी पिऊन कपाळ पुसत. सासूबाईंनाही त्यात काही वावगं वाटत नसे, कारण त्यांच्या वडिलांनीही तेच केलेलं. मला मात्र आतल्या दारातून बघताना गलबलून यायचं. मंजिरी झाल्यावर ते आले, तिला मांडीवर घेतलं आणि म्हणाले, “आता दे गं पाणी.” मी भरून दिलेला तो पेला त्यांनी एका दमात संपवला.

काय असतं या रीतीत? लोक म्हणतात, मुलगी परकी झाली असं मानायचं म्हणून. मला तसं कधी वाटलं नाही. दादांना मी परकी झाले असते तर उन्हातून ते आलेच नसते. मला वाटतं, ते न पिऊन मला काहीतरी देत होते. त्या घरात उद्या भांडण झालं, कुणी मला घालूनपाडून बोललं, तरी तुझ्या बापाने इथे खाल्लंय असं माझ्या तोंडावर कुणाला म्हणता येऊ नये, माझी मान त्यांच्यापायी कधी खाली जाऊ नये, एवढ्यासाठी तो तांब्या होता. तहान त्यांनी सोसली आणि ताठ मान माझ्या वाट्याला आली. आईवडील मुलीला सोनं देतात, भांडी देतात, आणि ते सगळं कधी ना कधी मोडतं किंवा विकलं जातं. ही एक गोष्ट मात्र कुणाला काढून घेता येत नाही.

आता मला सांगा, मिशिगनमध्ये मी माझ्या लेकीला काय देणार होते? पैठणी दिली, ती तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात वर ठेवली. पाटल्या बँकेत. मंत्रांचा अर्थ तिला कळला नाही, ओव्या तिला येत नाहीत, माझ्या आईच्या हातचे लाडू मला जमत नाहीत. उरलं काय, तर ही एक रीत. तिला काही खर्च नव्हता, फक्त निर्धार लागत होता, आणि तो माझ्याकडे मुबलक आहे. लग्नानंतर मंजिरी आणि पॉल अ‍ॅन आर्बरच्या अपार्टमेंटमध्ये राहू लागले, तर तिथेही मी थर्मास घेऊन जाई. रविवारी दोघं आमच्याकडे जेवायला येत, पॉल तीन-तीन वेळा आमटी मागून घेई, ते चाले. पण त्यांच्याकडे मी माझाच चहा माझ्याच थर्मासमधून पीत असे. “आई, इट्स जस्ट टी,” मंजिरी म्हणायची. मी म्हणायची, “असू दे.”

तर त्या सकाळी फुलं निवडून झाली आणि नोन्ना स्वयंपाकाला लागली. मी नुसती बघत राहिले. पिठाची मोठी पोळी लाटून तिने ती तारा ताणलेल्या एका लाकडी चौकटीवर पसरली, वरून लाटणं फिरवलं, आणि खाली शेवयांसारखे लांबलचक दोरे पडले. चुलीवर मातीच्या भांड्यात हरभरे शिजत होते, लसूण आणि कुठलासा रानपाला घातलेले. तांब्याच्या खोल कढईत मक्याचं पीठ रटरटत होतं आणि ते ढवळायला श्रीकांतच्या हाती दांडा दिला होता. दहा मिनिटांतच तो घामाघूम झाला. पॉलने आधीच सांगून ठेवलं होतं, की ही माणसं मांस खात नाहीत. आयुष्यभर सॉसेजशिवाय जिने तो मक्याचा पदार्थ केला नव्हता, तिने त्या दिवशी टोमॅटो आणि हरभऱ्यांची आमटी केली होती. मला भूक लागली नव्हती असं मी मुळीच म्हणणार नाही.

पानं मांडली गेली तेव्हा मी मंजिरीला बाजूला घेतलं. “सांग त्यांना, आईचा आज उपास आहे.” ती माझ्याकडे बघतच राहिली. “नो. आय अ‍ॅम नॉट लाइंग टू हर. आई, शी हॅज बीन कुकिंग सिन्स मॉर्निंग.” श्रीकांत हळूच म्हणाला, “यार, आपण एवढं ड्राइव्ह करून आलो ते काय तुझ्या दशम्या खायला? एक दिवस नियम कॅन्सल कर ना.” नोन्नाने माझ्या थाळीत शेवया वाढायला डाव उचलला आणि मी दोन्ही हात थाळीवर आडवे धरून मान हलवली. हसून हलवली, दादा हसायचे तशी. पण हसण्याचंही भाषांतर करावं लागतं, हे मला तिथे कळलं. नोन्नाने पॉलला काही विचारलं, पॉलने खांदे उडवले. तिने डाव खाली ठेवला, आणि ती एकेका भांड्यावर फडकं टाकू लागली. मी जेवत नाही तर कुणीच नाही, असा त्याचा अर्थ. मंजिरीचे डोळे भरून आले. तिथे बसणं मला अशक्य झालं. मी माझी पिशवी उचलली आणि चढाने किल्ल्याकडे निघाले.

आपल्याकडचे गड पाहिलेल्या माणसाला तो किल्ला छोटासाच वाटेल. एक बुरूज, तोही वरून ढासळलेला, चारी बाजूंनी कमरेएवढी उरलेली तटबंदी, आणि मधल्या पटांगणात गवत. पण तिथून दिसणारा मुलूख! दूरवर डोंगरांमागे डोंगर, खाली पठारावर जांभळ्या फुलांचे पट्टे, आणि वाऱ्याचा घोंघावता आवाज. मी तटाच्या आडोशाला बसले आणि पिशवीतली दशमी काढली. ती मोडून अर्धी तशीच हातात ठेवली. ज्यांनी हे दगड इथवर वाहून आणले तेही हट्टीच असणार, असं मनात आलं. हट्टाशिवाय माणसाच्या हातून काही उभं तरी राहतं का? पण ज्याला बाहेर ठेवायचं तो शत्रूच निघून गेल्यावर नुसत्या तटाचं काय करायचं, हा प्रश्नही त्या वाऱ्यात मला टाळता येईना. माझा निर्धार कुणाच्या विरुद्ध होता? टोमणे मारणाऱ्या सासूविरुद्ध? इथे तर फडक्याने भांडी झाकणारी एक एकटी म्हातारी होती.

मंजिरी धापा टाकत वर आली आणि माझ्याशेजारी बसली. मग म्हणाली, “आई, यू आर प्रोटेक्टिंग मी फ्रॉम अ सासू व्हू डझन्ट एग्झिस्ट.” मी म्हटलं, नसू दे. सासू नाही म्हणून मी आई नाही का? तुला देण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही नाही, बाळा. मला मराठीतही हे नीट सांगता येत नव्हतं, तर इंग्रजीत कुठून येणार? मग मी तिला दादांची गोष्ट सांगितली. सांगलीचं ऊन, ओसरी, तांब्या, आतल्या दारातून बघणारी मी. ही गोष्ट मी तिला त्याआधी कधीच सांगितली नव्हती, नुसताच नियम सांगत आले होते. ती ऐकताना रडली नाही. माझ्या हातातली अर्धी दशमी घेऊन तिने खाल्ली आणि म्हणाली, “मला वाटायचं इट्स अबाउट शुद्ध-अशुद्ध. तू बस इथे. मी सांगते नोन्नाला, पॉलकडून नीट सांगते.” आणि ती उतरून गेली.

खालून पुष्कळ वेळ काही हालचाल दिसेना. मग गल्लीतून माणसांचे आवाज येऊ लागले. मी तटावरून वाकून पाहिलं तर पुढे नोन्ना, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात आमटीचं भांडं; मागे पॉल आणि श्रीकांत दोन टोकांना धरून एक लांबरुंद फळी आणताहेत; त्यामागे मंजिरी कढई सांभाळत, आणि मग गल्लीतली आणखी दोन म्हातारी माणसं बाक घेऊन. चढ असा की तरण्या माणसाने थांबावं. नोन्ना थांबत थांबत, पण एकदाही मागे न बघता वर आली, पटांगणाच्या मधोमध उभी राहिली, श्वास खाली बसू दिला आणि माझ्याकडे बघून बोलू लागली. पॉल इंग्रजीत सांगत होता आणि मंजिरी तेच मला मराठीत. “ती म्हणतेय, हे माझं घर नाही. हा किल्ला माझा नाही, माझ्या नवऱ्याचा नव्हता, पॉलचाही नाही. तो गावाच्या पंचायतीचा आहे, म्हणजे कुणाचाच नाही. इथे तू कुणाच्या घरचं खात नाहीस. आता बस.”

बसले. न बसायला उरलंच काय होतं? दोघांनी मिळून कढई फळीवर उलटी केली आणि ते पिवळं पीठ फळीभर पसरत गेलं, वर टोमॅटोची आणि हरभऱ्यांची आमटी, वर किसलेलं चीज. ताटं नाहीतच. प्रत्येकाने आपल्या समोरच्या कडेपासून खायला सुरुवात करायची आणि खात खात मध्याकडे जायचं, ही तिथली पद्धत. एकाच पानात सगळ्यांनी खाणं, उष्ट्याखरकट्याचा विचार, हे सारं माझ्या डोक्यात एकदा येऊन गेलं, खोटं कशाला बोलू? पण जिने माझा एक नियम समजून घेण्यासाठी गुडघे दुखत असताना डोंगर चढला होता, तिच्यासमोर दुसरा नियम काढायला माझी जीभ रेटेना. मी चमचा घेतला. त्या पिठाची चव आपल्या उकडीच्या जवळ जाणारी, आमटीला आंबटगोड ठसका, वाऱ्याने बोटं गारठलेली आणि पोटात ऊब. मी पोटभर जेवले. मध्यावर आल्यावर माझा आणि नोन्नाचा चमचा एकाच घासाला भिडला, तेव्हा तिने तो घास माझ्याकडे सरकवला.

परत निघताना तिने मला जवळ घेतलं आणि पॉलकरवी एवढंच विचारलं, की पोर झाल्यावर तरी माझ्या स्वयंपाकघरात जेवशील ना? मी म्हटलं, मागून घेऊन पाणी पिईन. तिने मान डोलावली, आणि त्या नजरेत दया नव्हती, कौतुकही नव्हतं. एका निर्धारी बाईने दुसरीला ओळखल्याची ती नजर होती. विमानात मी श्रीकांतला म्हटलं, बघ, रीतही राहिली आणि मनही राहिलं. तो म्हणाला, फळी उचलून माझे खांदे मात्र राहिले नाहीत.

मला वाटलं, गोष्ट इथे संपली.

पुढच्या जुलैत नोन्ना मिशिगनला आली. विमानाला इतकी वर्षं भ्यायलेली बाई एकटी विमानात बसून आली. म्हणाली, नातवाचं घर पाहायचं आहे आणि ते माझ्या डोळ्यांनीच पाहायला हवं. ती आमच्याकडे जेवायला यायची होती, म्हणून मी आदल्या दिवसापासून स्वयंपाकाला लागले होते. मसालेभात, अळूची भाजी, बटाट्याची भाजी, खमंग काकडी, पुरणाच्या पोळ्या. पुरण वाटताना माझे हात दुखले, पण मनात एकच होतं, की तिने किल्ल्यावर वाढलं तसं मी तिला वाढीन. टेबल मांडलं. नोन्ना येऊन बसली, सगळं डोळे भरून पाहिलं, वासही घेतला. मग तिने पर्स उघडली, फडक्यात बांधलेला पाव आणि चीजचा तुकडा काढला, आणि मी ताटाला हात लावताच दोन्ही हात त्यावर आडवे धरले. हसून मान हलवली.

मला आधी वाटलं, ती माझी गंमत करते आहे. श्रीकांत हसायलाही लागला होता. मी मंजिरीला म्हटलं, अगं सांग तिला, ही रीत मुलीकडच्या माणसांची, तिला नाही लागू. ती मुलाकडची आहे, तिने हवं तितकं खावं. मंजिरीने सांगितलं, पॉलने सांगितलं. नोन्नाने ऐकून घेतलं आणि सावकाश, माझ्याकडेच बघत उत्तर दिलं. पॉलने ते थांबत थांबत इंग्रजीत सांगितलं. शेवटी मंजिरीने मला सांगितलं.

“आई, नोन्ना म्हणतेय, तू तुझी मुलगी दिलीस, मग मी काय केलं? माझ्याकडे हा एकच उरला होता. तो तुमच्या मुलखात राहतो, दर रविवारी तुमच्या टेबलावर जेवतो, तुमची आमटी मागून खातो. मीही दिलाच आहे. उद्या या घरात त्याला कुणी म्हणू नये, की तुझी आजी इथे जेवून गेली. पोर होईपर्यंत मी इथलं पाणी घेणार नाही.”

दोन्ही बाजूंनी दिलं जातं, हे माझ्या मनात आयुष्यात कधी आलं नव्हतं. दादांच्या तांब्याकडे बघताना मी नेहमी आतल्या दारात उभी होते. तो तांब्या पाहणाऱ्या माझ्या सासूबाईंनीही कुणाला काही दिलं असेल, हे मी कधी विचारलंच नाही. रांधलेल्या अन्नावर आडवे आलेले हात बघताना कसं वाटतं, तेही मला त्या दुपारी समजलं. डोळे पुसले, पदर खोचला, आणि श्रीकांतला म्हटलं, टेबलाचं ते टोक धर.

आमच्या घरासमोर फुटपाथ आणि रस्ता यांच्यामध्ये गवताची एक अरुंद पट्टी आहे. गवत आम्ही कापतो, पण जागा गावाची. टेबल काही तिथे मावलं नाही, म्हणून मी सतरंजी अंथरली. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या हळू होऊन बघत होत्या, समोरचे शेजारी बागेला पाणी घालायचा पाइप हातात धरून तसेच उभे राहिले होते. नोन्ना पॉलच्या खांद्याला धरून खाली बसली, पाव परत फडक्यात बांधला आणि पर्समध्ये ठेवला. मी तिला पुरणाची पोळी वाढली, वर तूप घातलं. तिने तसाच हात पुढे करून माझ्या ताटात एक पोळी वाढली, आणि आम्ही दोघींनी एकदमच पहिला घास घेतला.